आंब्याच्या वासाची वाफ

मामा आणि ताई यांचं कशावरही पटत नाही, आणि एकमेकांशिवाय दुसऱ्या कुणाशी वाद घालायला त्यांना आवडतही नाही. मामा सरकारी खात्यातून निवृत्त झाले. नोकरीतला मोठा काळ छापे, पंचनामे आणि कोर्टाच्या तारखा यांत गेला. ताई पुण्यात बालरोगतज्ज्ञ आहे. दवाखाना सांभाळून ती दोन-तीन शाळांत आठवी ते दहावीच्या मुलांशी बोलायला जाते. ई-सिगारेट मुलांच्या हाती लागू नये, याबद्दल दोघांचं दुमत नाही. त्यासाठी २०१९ साली देशभर घातलेली सरसकट बंदी मामांना निरुपयोगी वाटते, ताईला अपुरी वाटते. त्यांचं बोलणं खाली देतो आहे. मध्येमध्ये मीही तोंड घातलं आहे.

मामा: बंदी घालायला एक कागद लागतो, राबवायला माणसं लागतात. आपल्याकडे कागदाची टंचाई कधीच नव्हती. गुटखाबंदी मी जवळून बघितली. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्रात आली. अन्नसुरक्षा कायद्याखालचा तो आदेश एका वर्षापुरता असतो, म्हणून दर वर्षी नवा काढतात. आदेश न चुकता निघतो आणि टपरीवर पुडीही न चुकता मिळते. जिथे नुसत्या गुटख्यावर बंदी होती, तिथे कंपन्यांनी एका पुडीच्या दोन पुड्या केल्या. एकीत पानमसाला, दुसरीत तंबाखू. गिऱ्हाइकाने तळहातावर मिसळायचं. कायद्यात बसलं, गालातही बसलं.

ताई: गुटखा बंद झाला तेव्हा त्याचं गिऱ्हाईक लाखांनी होतं, मामा. ई-सिगारेटचं तसं नव्हतं. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत ती ओढणारे प्रौढ निघाले ०.०२ टक्के. म्हणजे दहा हजारांत दोन. सवय गावभर पसरल्यावर घातलेली बंदी आणि सवय यायच्या आधी घातलेली बंदी, या दोन्हींना तुम्ही एकाच तागडीत टाकताय. सिगारेटच्या बाबतीत ही संधी आपल्या पणजोबांच्या काळातच हुकली.

मामा: ०.०२ टक्के प्रौढ. तू भेटतेस त्या वर्गात किती?

ताई: मोजलेलं नाही. पण आठवीच्या वर्गात “वेप म्हणजे काय?” असं विचारलं की एकही मूल गोंधळत नाही. चवींची नावं मात्र मला त्यांच्याकडून शिकावी लागली.

मामा: झालं तर मग! ज्या वस्तूवर बंदी आहे, तिच्या चवी तेरा वर्षांच्या पोराला पाठ आहेत. तुझ्या बंदीचा याहून चांगला पंचनामा मी काय करू?

इथे कायद्यात नेमकं काय आहे ते सांगतो, कारण वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो वाचलेला असतो. १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश निघाला. तो जाहीर केला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेने कायदा केला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण आणि जाहिरात, सगळ्याला मनाई. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसत्या साठ्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. झडतीचा अधिकार फौजदार दर्जाच्या किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याला. ओढणाऱ्याला शिक्षा देणारं कलम यात नाही, आणि ही गोष्ट मला या कायद्यातली सगळ्यात शहाणपणाची वाटते. प्रत्यक्षात मात्र सापडतो तो बहुधा ओढणाराच, आणि शिक्षाही त्यालाच होते. शाळेकडून, घरून, कधी दोन्हीकडून. कायद्याने ज्यांची नावं घेतली ते आयातदार, साठेबाज आणि जाहिरातवाले क्वचितच हाती लागतात.

मामा: क्वचितच लागणार. आमच्या काळी माल गोदामात असायचा. गोदामाला पत्ता असायचा, पत्त्याला मालक असायचा. आता इन्स्टाग्रामवर स्टोरी पडते, चोवीस तासांत पुसली जाते. खाली टेलिग्रामचा दुवा, पैसे यूपीआयवर, माल कुरियरने. छापा घालू कशावर?

ताई: जाहिरातीवर घाला. सगळं तिथून सुरू होतं.

मामा: जाहिरातीला तर आधीच बंदी आहे.

ताई: ती होर्डिंगवर राबवता येते. हे लोक होर्डिंग लावतच नाहीत. अमेरिकेत जूल कंपनीने काय केलं ते बघा. २०१५ मध्ये माल बाजारात आणला. दिसायला पेनड्राइव्ह, संगणकाला लावून चार्ज करायचा. जाहिरातीत तरुण, नाचणारे, झगमगीत रंग. मॅसॅच्युसेट्सच्या महाधिवक्ता मॉरा हीली यांनी २०२० मध्ये दावा लावला. त्यात आरोप होता की कंपनीने सुरुवातीच्या मोहिमेत निकलोडियन आणि कार्टून नेटवर्कच्या संकेतस्थळांवर जाहिरातीच्या जागा विकत घेतल्या होत्या. कार्टून नेटवर्क, मामा! तिथे कुठला चाळीस वर्षांचा सिगारेटवाला येऊन बसतो?

मामा: आरोप आहे म्हणालीस.

ताई: आरोपच म्हणते. पण चूक नाकारत नाकारतच कंपनीने २०२२ मध्ये तेहेतीस राज्यांशी ४३.८५ कोटी डॉलरची तडजोड केली, आणि पुढच्या वर्षी हीली यांच्या मॅसॅच्युसेट्ससह न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया वगैरे सहा राज्यांशी आणखी ४६.२ कोटींची. मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात टीका वाढल्यावर कंपनीने अमेरिकेतली आपली फेसबुक-इन्स्टाग्रामवरची जाहिरात आवरती घेतली. स्टॅनफर्डचे रॉबर्ट जॅकलर जुन्या-नव्या तंबाखूच्या जाहिराती गोळा करतात. त्यांच्या पाहणीत दिसलं की कंपनी गप्प झाल्यावरही तिच्या नावाच्या हॅशटॅगखाली पोस्ट पडतच राहिल्या. आता ती जाहिरात मुलंच करत होती, फुकट. धुराची वलयं काढायची, व्हिडिओ टाकायचा. एकदा एवढं झालं की कंपनीला पैसे खर्चायची गरज उरत नाही आणि सरकारला बंद करायला काही सापडत नाही.

मामा: म्हणजे तूच सांगते आहेस की कायदा तिथे पोचत नाही.

ताई: ‘जाहिरात’ म्हणजे छापलेलं चित्र, इतकंच समजून राबवलेला कायदा पोचत नाही. इथे वस्तू स्वतःच जाहिरात आहे. आकार हायलायटरसारखा, रंग चॉकलेटच्या वेष्टनासारखा, चव आंब्याची, कलिंगडाची, बबलगमची. सिगारेटचा पहिला झुरका घशाला लागतो, पोरगं खोकतं. तो ठसकाच कित्येकांना वाचवायचा. यांनी निकोटिनमध्ये बेन्झोइक आम्ल घालून त्याचा क्षार केला, त्यामुळे तिखटपणा गेला. मूल खोकतही नाही आणि निकोटिन सिगारेटहून कमी मिळतं असंही नाही. जूलच्या अमेरिकेतल्या कुपीत एका मिलिलिटरला ५९ मिलिग्रॅम निकोटिन असायचं. युरोपात मर्यादा २० ची आहे. मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालते आणि तोवर व्यसन लवकर जडतं. आंब्याचा वास हा शोभेसाठी नाही, मामा. त्या वासावरच गिऱ्हाईक तयार होतं.

मामा: मग अमेरिकेने बंदी घातली का? नाही. तरी आकडे खाली आले. तूच मला पाठवलं होतंस ते वाचायला. २०१९ मध्ये हायस्कुलातली २७.५ टक्के मुलं ओढत होती, २०२४ मध्ये ७.८ टक्के. बंदीविना. एकवीस वर्षं वयाची अट घातली, कंपन्यांना कोर्टात खेचलं, प्रत्येक मालाला परवानगी घ्यायला लावली. याला नियमन म्हणतात.

ताई: खाली आले, पण कुठून खाली आले ते बघा. आधी चारातलं एक मूल त्यात गेलं, मग उतरले. मध्ये कोविडमध्ये शाळा बंद होत्या, तेही धरा. आणि नियमनात फट कशी राहते त्याचा नमुनाही तिथलाच आहे. २०२० च्या सुरुवातीला त्यांनी कुपीवाल्या उपकरणांतल्या फळांच्या चवी बंद केल्या. एकदा वापरून फेकायची उपकरणं त्यातून वगळली. मुलं कुठे गेली असतील? थेट फेकायच्या उपकरणांकडे. २०२४ मध्ये ओढणाऱ्या मुलांतली सत्त्याऐंशी टक्क्यांहून जास्त चवीचंच ओढत होती.

या चवींची नावं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने चवीच्या द्रवांना परवानगी नाकारण्याच्या सरकारी निर्णयाविरुद्धचा कनिष्ठ न्यायालयाचा निकाल एकमताने रद्द केला. त्या प्रकरणातल्या एका मालाचं नाव होतं ‘जिमी द जूस मॅन पीची स्ट्रॉबेरी’. काळे झगे घातलेल्या नऊ न्यायमूर्तींपुढे हे नाव उच्चारलं गेलं असेल तेव्हा कुणाला हसू आवरलं असेल, मला शंका आहे. हे नाव पन्नाशीच्या माणसाची सिगारेट सोडवण्यासाठी ठेवलं होतं, असं कंपनीच्या वकिलालाही गंभीर चेहऱ्याने म्हणणं जड गेलं असेल.

मामा: चीनचं काय? सगळा माल तिथलाच ना?

ताई: बराचसा शेन्झेनचा. आणि चीनने काय केलं ठाऊक आहे? १ ऑक्टोबर २०२२ पासून स्वतःच्या देशात तंबाखूखेरीज बाकी सगळ्या चवींची विक्री बंद केली. बाहेर पाठवायला मोकळीक. आपल्या पोरांना नको, तुमच्या पोरांना घ्या.

मामा: हे मात्र मला माहीत नव्हतं. (थोडं थांबून) पण बघ, चीनसुद्धा सरसकट बंदी घालत नाही. परवाना, चवीवर मर्यादा, निकोटिनवर मर्यादा. बंदी घातली की सरकारच्या हातातली सगळी हत्यारं जातात. बेकायदा मालात निकोटिन किती, हे तपासणार कोण? बाटलीवर काय छापायचं, ते कोण सांगणार? २०१९ मध्ये अमेरिकेत पोरं फुप्फुसं जळून इस्पितळात आली. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत २,८०७ जण दाखल झाले, ६८ मेले. आणि कारण बहुतेक काय निघालं? चोरट्या बाजारातल्या गांजाच्या कुप्यांत मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट. दुकानातल्या मालापेक्षा चोरटा माल घातक ठरला. आपण तर अख्खा बाजारच चोरटा करून ठेवलाय.

ताई: याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. चोरट्या मालाची तपासणी होत नाही, हे खरंच आहे. पण तुमच्या नियमनाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये ठरवलं की ई-सिगारेट फक्त औषधांच्या दुकानात मिळेल. तसं इथे करू म्हणता? आपल्या मेडिकलवाल्याकडे अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळतं. तो सतरा वर्षांच्या मुलाचं आधार कार्ड बघेल?

मामा: नाही बघणार. पण बंदी असताना टेलिग्रामवालाही बघत नाही.

ताई: दोन्हींत फरक आहे. दुकानात मांडलेल्या वस्तूला मान मिळतो. “वाईट असती तर विकायला ठेवली असती का?” हे वाक्य मी मुलांच्या तोंडून सिगारेटबद्दल ऐकते. वेपबद्दल ऐकत नाही. ती चोरून घ्यावी लागते हे त्यांना कळतं. त्याचंही आकर्षण असतं, नाकारत नाही. पण प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर, प्रत्येक मॉलमध्ये ती ठेवली तर ज्यांना आकर्षण नाही तीही घेतील.

मामा: बरं, मोठ्यांचं काय? हे यंत्र चीनमधल्या होन लिक नावाच्या औषधशास्त्रज्ञाने काढलं, २००३ च्या सुमारास. तो स्वतः सिगारेटवाला, बाप फुप्फुसाच्या कर्करोगाने गेलेला. सिगारेट सुटावी म्हणून काढलं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये म्हटलं की ही सिगारेटपेक्षा सुमारे पंच्याण्णव टक्के कमी घातक आहे. आकड्यावर वाद झाला, मान्य. पण तिथलं सरकार आजही सिगारेटवाल्यांना सांगतं, सुटत नसेल तर याकडे वळा. आपल्याकडे तंबाखू घेणारे सव्वीस कोटींहून जास्त. त्यांना कमी वाईट पर्याय नको? पोरांच्या नावाखाली थोरांना मारताय.

ताई: त्या सव्वीस कोटींतले ओढणारे किती, मामा? महाराष्ट्राचाच आकडा घ्या. २०१६-१७ च्या त्याच पाहणीत इथले २६.६ टक्के प्रौढ कुठला ना कुठला तंबाखू घेत होते. ओढणारे ३.८ टक्के. चघळणारे, दाढेखाली धरणारे, मशेरी लावणारे २४.४ टक्के. आजी आठवते का? पहाटे उठली की तव्यावर मशेरी भाजायची. तिला कुणी आंब्याच्या चवीचं वेप दिलं असतं, तर मशेरी सुटली असती? ब्रिटनमध्ये तंबाखू म्हणजे सिगारेट, म्हणून तिथे धुराच्या जागी वाफ हा सौदा निदान मांडता येतो. आपल्याकडे ही वाफ कुणाची जागा घेणार आहे? ती येईल ती नव्या गिऱ्हाइकासाठी. आणि नवं गिऱ्हाईक वयाने लहानच असणार.

मला विचाराल तर या वादात ताईने जिंकलेला मुद्दा हा. व्यसन कमी घातक वस्तूकडे वळवण्याची ब्रिटिश कल्पना फेकून देण्यासारखी नाही, पण ती त्यांच्या देशातल्या व्यसनाच्या मापाने शिवलेली आहे. आणि त्याच ब्रिटनला मुलांच्या हातात फेकायची उपकरणं दिसू लागल्यावर १ जून २०२५ पासून त्यांची विक्री बंद करावी लागली. मामांनी मात्र इथे डाव बदलला, आणि तो डाव ताईला अपेक्षित नव्हता.

मामा: ठीक. मशेरी सोडवत नाही, मान्य. मग मला एवढं सांग, जी वस्तू दहा हजारांत दोघं घेत होती तिच्यावर थेट अध्यादेश, आणि जिच्याने दर वर्षी लाखो माणसं मरतात ती सिगारेट-बिडी कोपऱ्यावर खुशाल? सरकारी आयुर्विमा महामंडळाकडे आयटीसीचे शेअर आहेत. तू पॉलिसीचा हप्ता भरतेस, त्यातला काही पैसा सिगारेटच्या कंपनीत. नव्या व्यापाऱ्याला बाहेर ठेवलं, जुन्याला घरात. हे पोरांच्या काळजीने झालं, असं मला कुणी म्हटलं तर मी हसेन.

ताई: हसा. मीही हसते. पण त्यावरचा उपाय वेप मोकळं करणं हा नाही. सिगारेटवर हात टाकणं हा आहे.

मामा: टाकलाय की. २००३ च्या कायद्याने अठराच्या आतल्यांना विकायला बंदी, शाळेच्या शंभर यार्डांत विकायला बंदी. २०१५ च्या बालन्याय कायद्यात मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. महाराष्ट्राने २०२० मध्ये सुटी सिगारेट विकायला बंदी केली. जा कोपऱ्यावर आणि माग एक सुटी. लायटर दोरीला बांधून ठेवलेला असतो टपरीवर. पाकीट घेणाऱ्याला दोरीचा लायटर लागत नाही गं, सुटी घेणाऱ्याला लागतो.

ताई: म्हणूनच म्हणते, टपरीला परवाना हवा. तंबाखू विकायचा तर परवाना काढ, आणि परवाना काढलास तर चॉकलेट, गोळ्या, चिप्स विकायच्या नाहीत. केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना हे सुचवलं होतं. मूल टपरीवर जातं ते गोळीसाठी. बरणीशेजारी पाकीट दिसतं, वर्षानुवर्षं दिसतं.

मामा: आणि टपरीवाला काय खाईल? तंबाखूवर एकट्याने त्याचं भागत नाही, चिप्सवरही भागत नाही. परवाना म्हणजे हप्त्याला आणखी एक खिडकी. माझ्यावर विश्वास ठेव, मी त्या खिडकीच्या आत बसून आलोय.

ताई: मग करायचं काय? कुणाच्यातरी पोटाआड सगळेच लपतात. सोलापूर-सिन्नरच्या बिडी वळणाऱ्या बायकांच्या पोटाआड बिडी लपते, टपरीवाल्याच्या पोटाआड सिगारेट लपते. त्या बायकांना मजुरी किती मिळते, विचारलंय कधी कारखानदाराला?

इथे आवाज चढले. मामींनी चहा पाठवला, तो गार झाला. मी सहज टीव्ही लावला, क्रिकेट चालू होतं, आणि दोन षटकांच्या मधल्या जाहिरातीत एक मोठा नट ‘वेलची’ खाऊन खूश होताना दिसला. दोघंही एकदम गप्प झाले, आणि मग त्या दुपारी पहिल्यांदा एका सुरात बोलले.

मामा: ही बघ तुझी जाहिरातबंदी.

ताई: माझी नाही, सगळ्यांची. तंबाखूच्या नावाला जाहिरातीची बंदी, म्हणून त्याच नावाची वेलची काढायची. वेलचीला कसली बंदी? अक्षय कुमारने २०२२ मध्ये लोकांची माफी मागून अशी एक जाहिरात सोडली, अमिताभ बच्चन २०२१ मध्ये पानमसाल्याच्या जाहिरातीतून बाहेर पडले. त्यांच्या जागी दुसरे आले. नटांच्या मनाची टोचणी हे काही सरकारी धोरण होऊ शकत नाही.

मामा: वेलची किती विकली जाते ते विचारायचं. बस. जाहिरातीवर खर्च किती आणि वेलचीच्या विक्रीतून मिळकत किती? वेलची विकून जाहिरातीचा खर्चही निघत नसेल, तर ती वेलचीची जाहिरात नाही. हिशेबाच्या वह्या मागवा. एवढा साधा पुरावा आहे.

ताई: (हसून) बघा, तुम्हीच नियमन सोडून बंदी राबवायला लागलात.

मामा: मी बंदीच्या विरोधात कधी होतो? मी न राबवलेल्या बंदीच्या विरोधात आहे. वर्षानुवर्षं एखादा कायदा मोडला जातो आणि काही होत नाही, हे पोरगं रोज बघतं. मग ते तंबाखूच नव्हे, कायदाही बिनधास्त चघळायला शिकतं.

ताईने मग तिला खरोखर छळणारी गोष्ट काढली. नववीतला एक मुलगा. मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहात सापडला, हातात ते उपकरण. शाळेने आईवडिलांना बोलावून दाखला नेण्याचा ‘सल्ला’ दिला. मुलगा ताईकडे आला होता. उठल्याबरोबर ओढायचा, गणिताच्या तासाला हात थरथरायचे. शाळेला वाटत होतं त्याने गुन्हा केला. ताईच्या लेखी त्याला आजार होता.

मामा: त्याला विचारलंस का, कुणाकडून घेतलं?

ताई: नाही.

मामा: विचारायला हवं होतं. तिथूनच साखळी सुरू होते. पोरगं, मग त्याला देणारा अकरावीतला, मग त्याला देणारा, मग गोदाम. मी असतो तर पहिला प्रश्न तोच.

ताई: आणि दुसऱ्या दिवसापासून एकही मूल माझ्याकडे आलं नसतं. अकरावीतला मुलगा हा काही तस्कर नाही, मामा. त्याला स्वतःचं फुकट मिळावं म्हणून तो चौघांना विकतो. तोही माझाच पेशंट आहे, अजून आलेला नाही एवढंच. तुमच्या साखळीत खालच्या चार कड्या अठराच्या आतल्या आहेत. पोलिसांच्या हाती त्याच लागणार आणि वरच्या निसटणार. गुटख्यात हेच झालं ना? टपरीवाला आत, मालक बाहेर.

मामा: हो. तेच झालं.

ताई: मग वरून का नाही सुरू करत? माल शेन्झेनहून येतो म्हणजे बंदरातून, विमानतळावरून येतो. कस्टम्सच्या नजरेखालून येतो. मग कुरियरने शहरात फिरतो. पैसे यूपीआयने जातात. प्रत्येक क्यूआर कोडमागे बँकेचं खातं, खात्यामागे केवायसी. इन्स्टाग्रामला नोटीस द्या की या शब्दांच्या, या चित्रांच्या पोस्ट आल्या की खातं बंद करा, आणि कुणाचं होतं ते सांगा. यात मुलाचं नाव कुठेच लागत नाही.

मामा: केंद्राने २०२३ मध्ये तक्रारीसाठी पोर्टल काढलंय. त्यात घालायचं.

ताई: घातलं की काय होतं पुढे?

मामा: ते घालणाऱ्यावर अवलंबून. “अमुक ठिकाणी वेप विकतात” असं लिहिलंस तर फाईल तिथेच संपते. मी अशा कितीतरी संपवल्या. तक्रार कशी हवी सांगू? क्यूआरचा फोटो. पैसे गेल्याचा व्यवहार क्रमांक, तारीख, वेळ. कुरियरची पावती, पाठवणाऱ्याचा पिनकोड. स्टोरीचा स्क्रीनशॉट, त्यात खात्याचं नाव दिसलं पाहिजे. माल न उघडता पाकिटासकट. एवढं हातात असलं की फौजदाराला ‘पुरावा नाही’ म्हणता येत नाही. नाही म्हटलं तर लेखी मागायचं.

ताई: पैसे कुणी भरायचे? माल मागवणंही विक्रीला मदत झाली ना? उद्या माझ्यावरच साठवणीचं कलम लावतील.

मामा: म्हणून आधी पोलिसांना पत्र द्यायचं, मग त्यांच्यासमोर मागवायचं. सापळा म्हणतात त्याला. पंच दोन लागतील, शिकलेले, कोर्टात फितूर न होणारे. एक मी होतो.

ताई: तुम्ही मामा आहात माझे. नातेवाईक पंच चालेल?

मामा: नाही चालणार. हा बरोबर मुद्दा काढलास. (माझ्याकडे बघून) आणि हाही नाही चालणार. शाळेतल्या शिक्षकांपैकी बघ कुणी तयार होतंय का. ज्यांनी दाखल्याचा सल्ला दिला, त्यांनाच विचार आधी.